पांढरी चार

"आता ऐका म्याडम. काय बोलू नका, निस्तं ऐका," असं म्हणून धुळाप्पानं ब्रेकवर पाय अलगद टेकवला.

होटगी रस्त्यावर सकाळची वर्दळ ओसरत आली होती. गाडीच्या काचा वर होत्या, एसी बंद होता आणि शेजारच्या सीटवर सर्व्हिस सेंटरची दिपाली मांडीवर फाईल धरून, मान जराशी तिरकी करून बसली होती. वेग उतरू लागला तशी कुठूनशी खालून एक बारीक, लांबट शीळ उठली. वेगाबरोबर तीही उतरत गेली. गाडी थांबता थांबता शेवटच्या दोन हातांवर घुर्र झालं आणि सगळं गप्प झालं. इंजिनसुद्धा.

"आला?" धुळाप्पानं विचारलं.

"आला की."

"खरंच आला?"

"अहो काका, आला म्हणजे! एवढा स्पष्ट आहे, कुणालाही ऐकू येईल."

धुळाप्पानं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. वर्षभर हा आवाज त्याच्या एकट्याच्या कानात राहत होता. आज तो दुसऱ्या कुणाच्या तरी कानात शिरला होता. मागून रिक्षावाला हॉर्न मारत होता, त्याचंही त्याला भान नव्हतं.

"पण ह्यात बिघाड काही नाही बरं का," दिपाली म्हणाली. "तुम्ही मागं चारदा गाडी आणली, पण आमच्याकडं सगळ्यांनी ती उभी ठेवूनच तपासली. उभ्या गाडीत हा आवाज येणारच नाही. तुम्ही ब्रेक दाबता ना, तेव्हा आधी ब्रेक लागतच नाही. चाकं मोटरला फिरवतात, मोटर गाडीला धरून ठेवते आणि वीज तयार होऊन बॅटरीत जाते. ती शीळ त्या मोटरची. शेवटी घुर्र होतं, तिथं खरा ब्रेक लागतो. हायब्रिड गाड्यांचं असंच असतं. नॉर्मल आहे."

"म्हंजी थांबताना जमवायचं अन् त्याच्यावर पुडं पळायचं."

"तसंच म्हणा." दिपाली हसली.

"आन् सकाळी दार उगडलं की आत कुनीतरी उसासा सोडल्यावानी करतंय, ते?"

"ब्रेकचा पंप. तुम्ही बसायच्या आधी तयार होऊन बसतो."

"सिग्नलला इंजिन मरतंय, पुन्ना आपलं आपन जितं हुतंय..."

"गरज लागली की चालू, नाही लागली की बंद. तेही नॉर्मल."

धुळाप्पानं गाडी पुढं काढली. इंजिनाचा आवाज नव्हताच, गाडी नुसती सरकली. त्याला मात्र मोठ्यानं हसावंसं वाटत होतं. बिघाड नाही तर नाही. पण आवाज आहे! कान शाबूत आहेत!

त्याचे कान हीच त्याची कमाई होती. सव्वीस वर्षं तो कीर्तनकार वैजयंतीताईंची गाडी चालवत होता. शिक्षण चौथीपर्यंत. सांगोल्याकडचा, मेंढरांमागं वाढलेला माणूस. रात्रीच्या अंधारात कोणतं कोकरू खोकलं हे आवाजावरून सांगणारा. तेच कान त्यानं पुढं इंजिनाला लावले. एकदा वेळापूरच्या अलीकडं त्यानं चालती जीप बाजूला घेतली आणि म्हणाला, "ताई, मागलं डावं चाक काय चांगलं बोलंना." ताईंना उशीर होत होता, पण त्या उतरल्या. मेकॅनिकनं चाक काढलं तर आतल्या बेअरिंगचा चुरा झालेला. आणखी दहा मैल गेले असते तर चाक एकीकडं आणि माणसं एकीकडं. त्या दिवसापासून ताई भर कीर्तनात सांगायच्या, "श्रवणभक्ती म्हणजे काय ते आमच्या धुळाप्पाला विचारा. देव राहू द्या, तो बेअरिंगचंसुद्धा ऐकतो." मंडप हसायचा आणि खांबाला टेकून बसलेला धुळाप्पा टोपी पुढं ओढायचा.

वैजयंतीताईंचं कीर्तन ज्यांनी ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. बारीक अंगकाठी, नऊवारी, हातात झांज. पूर्वरंगात निरूपण असं, की शेळ्या राखणाऱ्या बाईलाही कळावं आणि शास्त्र्यालाही खोडता येऊ नये. मध्यंतरी गळ्यात हार पडायचा, कपाळाला बुक्का लागायचा, नामाचा गजर व्हायचा. मग आख्यान सुरू झालं, की बायकांच्या मांडीवर पेंगणारी पोरंसुद्धा उठून बसायची. त्या गळ्याच्या तयारीत धुळाप्पाचाही एक वाटा होता. तो फार थोड्यांना ठाऊक होता.

देवळाच्या आवारात जीप उभी राहिली, की ताई लगेच उतरत नसत. इंजिन चालू ठेवायला लावत. डिझेलची जुनी जीप, तिची घरघर पायाच्या बोटांपासून टाळूपर्यंत पोचायची. ताई डावा तळवा डॅशबोर्डवर सपाट ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि ओठ न उघडता गुणगुणायच्या. "जरा चढव रे." धुळाप्पा अ‍ॅक्सिलरेटरवर अंगठ्याएवढा जोर द्यायचा. "उतरव. अजून. हां, धर." इंजिनाची घरघर ताईंच्या सुराला जाऊन टेकली की ताईंची मान हलायची. अशी पाच मिनिटं. बघणाऱ्यांना वाटायचं, ताई जप करतायत. त्या सुराला पेटीवर पांढरी चार म्हणतात, हे बसलिंगप्पा पेटीवाल्यानं त्याला कधीतरी सांगितलं होतं. धुळाप्पाला पेटीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पांढरी चार त्याच्या उजव्या पायाला पाठ झाली होती.

जीपचं पासिंग दोनदा वाढवलं. तिसऱ्यांदा कुणी वाढवून देईना. तेव्हा ताईंच्या मुलानं, पुण्याच्या आदिनाथनं, ही नवी गाडी घेऊन दिली. पहिल्याच कीर्तनाला ताईंनी सवयीनं डॅशबोर्डवर तळवा ठेवला. गाडी थांबली होती, तिच्याबरोबर इंजिनही थांबलं होतं.

"अरे, बंद का केलीस?"

"म्या कुटं केली? तिची तीच झाली."

पाय दाबून पाहिला. इंजिन जागं झालं, स्वतःच्याच कुठल्यातरी सुरात दोन घटका बोललं आणि पुन्हा निजलं. ताईंनी हात काढून घेतला. "असू दे. तिला आपली ओळख नाही अजून," एवढंच म्हणाल्या आणि उतरल्या. त्यानंतर त्यांनी हात ठेवून पाहिला नाही.

तिथून काहीतरी बिनसत गेलं. बसलिंगप्पानं एकदा चहाच्या टपरीवर धुळाप्पाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अय्यो, काय सांगू तुला! ताई हल्ली अर्धा सूर खाली उतरतात बघ. मी गुपचूप पेटीची पट्टी सरकवतो, लोकांना कळू देत नाही. पण किती दिवस? आणि झांज तर अशी वाजवतात, माझ्या कानात दडे बसतात." धुळाप्पाला वाटलं होतं, वय झालं, गळा थकला.

त्याच सुमारास बाळीवेशीतल्या देवळात ती फजिती झाली. धुळाप्पानं आवारात गाडी लावली. ती गप्प होती, म्हणजे त्याच्या हिशेबी बंद होती. चावी नेहमीसारखी आतच ठेवली आणि तो खांबाला जाऊन टेकला. आख्यान रंगात आलेलं. आईची आणि लेकराची ताटातूट होते ती जागा. पाचशे माणसं, पण टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आणि रिकाम्या गाडीचं इंजिन भर्रकन चालू झालं. बॅटरी उतरली होती, तिला भूक लागली, ती जेवायला बसली. पण लोकांना हे काय ठाऊक! कुणी ओरडलं, "भूत, भूत!" पोरं उठून पळाली, बायका हसायला लागल्या. ताईंनी मात्र आख्यान तसंच चालू ठेवलं होतं. डोळे मिटलेले, मान हलत होती. त्या एकट्याच हसल्या नाहीत की दचकल्या नाहीत. धुळाप्पा तेव्हा मनात म्हणाला होता, एकचित्त व्हावं तर असं.

ही गोष्ट पुण्याला पोचली. त्यातच ब्रेकच्या आवाजाची तक्रार घेऊन धुळाप्पा एकदा सोडून चारदा सर्व्हिस सेंटरला गेला, आणि दर वेळी आदिनाथला फोन गेला की गाडीत काही सापडलं नाही. आदिनाथ वाईट नव्हता. त्यानं आईला विचारलं. ताई म्हणाल्या, "छे रे, आवाज कसला? मी शेजारीच तर बसते. मला नाही कधी ऐकू आला." मग त्यानं धुळाप्पाला स्वच्छ सांगितलं, "काका, तुम्ही मला घरचे आहात. पण नसलेला आवाज ज्याला ऐकू येतो, त्याच्या हाती आईला हायवेवर कसं सोडू? आता शेवटचं दाखवून आणा. ह्या वेळीही काही निघालं नाही, तर एक तारखेपासून तुम्ही विश्रांती घ्या. मी दुसरा माणूस बघतो."

आणि आज दिपालीनं सांगितलं होतं, आवाज आहे.

सेंटरच्या आवारात परत आल्यावर दिपालीनं पीयूसीचं काम काढलं. गाडीला वर्ष झालं होतं, धुराची तपासणी करायची होती. "आता गंमत बघा," ती म्हणाली. "पीयूसीवाल्याला इंजिन सतत चालू लागतं आणि हे तर मध्येच बंद पडणार. त्यासाठी युक्ती आहे. ब्रेक न दाबता बटण दोनदा. मग गिअर पार्किंगमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबायचा, न्यूट्रलमध्ये दोनदा, परत पार्किंगमध्ये दोनदा. आता ब्रेक दाबून बटण. झालं. आता तुम्ही बंद करेपर्यंत इंजिन थांबणार नाही."

इंजिन चालू झालं आणि चालूच राहिलं. एकसारखं, न थकता.

"पाय दिला तर चढतंय?"

"चढतं की. पण ह्या मोडमध्ये गाडी पळवायची नाही हं. उभी असतानाच."

"उबीच पायजे मला," धुळाप्पा म्हणाला. पार्किंग दोन, न्यूट्रल दोन, पार्किंग दोन. एखाद्या ठेक्याचे बोल घोकावेत तसं त्यानं ते घोकलं.

मग त्यानं खिशातून फोन काढला. आदिनाथचा नंबर कुठं असतो हे त्याला चित्रावरून कळायचं. काय बोलायचं तेही जुळवलं होतं. आवाज हाय म्हनली म्याडम. येवडा सपष्ट हाय, कुनालाबी ऐकू यील.

कुणालाही ऐकू येईल.

अंगठा फोनवर तसाच राहिला.

शेजारीच तर बसते मी, असं ताई म्हणाल्या होत्या. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हेत. वर्षभर, रोज, त्याच सीटवर. जिथं आत्ता ही पोरगी बसली होती आणि एका दमात म्हणाली, आला की.

बाळीवेशीत पाचशे माणसं दचकली आणि ताईंची पापणी हलली नाही. झांज जोरात वाजवतात. दोन वर्षांपासून बोलताना त्याच्याकडं पुरत्या वळून बसतात, म्हणतात, "तुझ्या तोंडाकडं बघून बोलायला बरं." मागून हाक मारली तर ओ देत नाहीत, म्हणून त्याला मधूनमधून वाटायचं, ताईंना आपला राग आलाय की काय. आणि तो डॅशबोर्डवरचा तळवा. सुराचं काय आहे, तो हातानंही ऐकता येतो.

दिपाली कार्डावर लिहीत होती. "ब्रेक लावताना आवाज ऐकू आला, नॉर्मल आहे, असं लिहिते. मालकांना मेसेज जाईल लगेच."

"म्याडम," धुळाप्पा म्हणाला, "आवाजाचं लिवू नका."

"का? अहो, तुमचीच बाजू आहे ही. तुम्ही बरोबर होता."

"व्हय. पर नका लिवू. गाडीत दोस न्हाय, येवडंच लिवा. ते तर खरं हाय न्हवं?"

दिपालीनं त्याच्याकडं पाहिलं. मग खांदे उडवले आणि लिहिलं, 'तपासणी केली. दोष आढळला नाही.'

बार्शीला चार वाजता कीर्तन होतं. साथीदार एसटीनं पुढं गेले होते. मुरारजी पेठेतून ताईंना घेऊन धुळाप्पा निघाला तेव्हा उन्हाची काहिली होती आणि त्याच्या मनात एकच होतं. आपण चुकीचे ठरावं. आजवर त्यानं कधी असं मागितलं नव्हतं.

वडाळा ओलांडल्यावर रस्ता मोकळा झाला. त्यानं एसी बंद केला. "गार लागतंय जरा," म्हणाला. ताई बडीशेप चघळत उजाड रानाकडं बघत होत्या. त्यानं ब्रेकवर पाय टेकवला. शीळ उठली, लांबली, उतरली. ताईंनी बडीशेपेची डबी उघडून त्याच्यापुढं धरली. "घे."

वैरागच्या अलीकडं पुन्हा एकदा. ताई पदरानं चष्मा पुसत होत्या. पुसत राहिल्या.

मग त्यानं समोर बघत, ओठ फारसे न हलवता, रोजच्या आवाजात म्हटलं, "ताई, पिशवीतनं झांज काडून ठिवलीया का घरी?"

ताई खिडकीतून बाहेर बघत होत्या. एका शेतात बाया वाकून काहीतरी वेचत होत्या. "बघ कशा वाकल्यात," ताई म्हणाल्या. "उन्हाचं भान नाही."

धुळाप्पानं टोपी पुढं ओढली.

आपल्याला कमी ऐकू येतं, हे ताईंना ठाऊक होतं का? असणारच. आणि आदिनाथला कळलं तर काय होईल, हेही ठाऊक असणार. तो चांगल्या डॉक्टरला दाखवेल, पुण्याला नेईल, मोठ्या खोलीत ठेवेल आणि प्रेमानं म्हणेल, आई, आता पुरे. कीर्तन थांबवून ताई किती दिवस जगतील, ह्याचा विचार धुळाप्पानं सुरू केला आणि अर्ध्यात सोडून दिला.

देवळामागच्या लिंबाखाली त्यानं गाडी लावली. लाउडस्पीकरवर कुणीतरी 'माईक टेस्टिंग' करत होतं. ताईंनी दाराला हात घातला.

"बसा की दोन मिंट," धुळाप्पा त्यांच्याकडं तोंड करून म्हणाला.

"का रे? वेळ झाली."

"बसा तर."

त्यानं बटण दोनदा दाबलं. पार्किंग दोन. न्यूट्रल दोन. पार्किंग दोन. मधे एकदा चुकलं, पुन्हा पहिल्यापासून केलं. ताई भुवया उंचावून बघत होत्या. "हे काय, मांत्रिकासारखं?" त्यानं ब्रेक दाबून बटण दाबलं. इंजिन चालू झालं. राहिलं.

थोडा वेळ ताईंना काही कळलं नाही. मग त्यांचं लक्ष त्यांच्याच पायांकडं गेलं. चप्पल काढून त्यांनी पाऊल गाडीच्या तळाला टेकवलं. आणि मग, फार दिवसांनी, डावा तळवा डॅशबोर्डवर सपाट ठेवला.

ही जीप नव्हती. हिची घरघर मऊ होती, लांबून आल्यासारखी. ताईंनी दोन्ही तळवे ठेवले. मग पुढं वाकून कपाळ हातांवर टेकवलं. गुणगुणणं सुरू झालं. पहिल्यांदा सूर घसरला, चाचपडला.

"चढव," ताई डोळे मिटून म्हणाल्या.

त्यानं चढवलं.

"अजून. थोडं. उतरव. हां... धर."

धुळाप्पानं धरलं. घोट्याला रग लागली तरी पाय हलू दिला नाही. पांढरी चार नव्या गाडीतही तिथंच होती, जिथं त्याच्या पायानं ती ठेवली होती.

पाच मिनिटांनी ताईंनी मान वर केली. कपाळावर डॅशबोर्डच्या शिवणीचा वळ उमटला होता. त्यांनी धुळाप्पाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तो स्पीडोमीटरकडं बघत होता.

"कुणी शिकवलं?"

"सर्विसमदल्या पोरीनं. धूर तपासायला करत्यात."

"आणि आणखी काय शिकवलं तिनं?"

"काय न्हाय," धुळाप्पा म्हणाला. "गाडी नॉर्मल हाय म्हनली."

ताईंनी पदर सारखा केला आणि झांज घेऊन त्या उतरल्या.

त्या दिवशीचं कीर्तन बार्शीकरांना अजून आठवत असेल. नमनाचा पहिला सूर लागला तेव्हाच बसलिंगप्पानं पेटीवरून मान वर करून खांबाकडं पाहिलं आणि डोळे मोठे केले. पट्टी सरकवायला गेलेला त्याचा हात तिथंच थांबला. पूर्वरंगात ताई निरूपण सांगत होत्या ते सेवेचं. देवाच्या दारातला पहारेकरी असतो. तो आत जात नाही, मूर्ती बघत नाही, पण देव जागा आहे की निजलाय हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. आख्यान संपलं तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी टोप्या काढून डोळे पुसले. आरतीनंतर लोक पाया पडायला रांगेत उभे राहिले. धुळाप्पा रांगेत नव्हता. तो चावी मुठीत घेऊन गाडीपाशी होता. गाडी बंद होती आणि ती बंद आहे हे त्यानं दोनदा पाहिलं होतं.

परतताना वडाळ्याजवळ सूर्य बुडायला आला होता. आदिनाथचा फोन आला. ह्या गाडीत फोन स्पीकरवर यायचा, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"काका, सेंटरचा मेसेज आला. दोष आढळला नाही म्हणतात."

"व्हय."

"मग तो आवाज?"

धुळाप्पानं शेजारी पाहिलं. ताई गळ्यातला हार काढून मांडीवर घेऊन, एक एक शेवंती कुरवाळत होत्या. त्यांचं तोंड खिडकीकडं होतं, आणि काळवंडत आलेल्या काचेत धुळाप्पाचं तोंड दिसत होतं.

"आवाज न्हाय," धुळाप्पा म्हणाला. "माजंच कान बिगडल्यात, आदिनाथदादा. वय झालं आता."

मग आदिनाथ समजुतीच्या सुरात बोलला. पंढरपूर रोडकडचा बिरुदेव म्हणून एक माणूस बघून ठेवलाय, एक तारखेला येईल, काकांनी तोवर त्याला रस्ते दाखवावेत, काकांच्या औषधपाण्याचं तो बघेल. धुळाप्पा दर वाक्याला "व्हय" म्हणत गेला. फोन बंद झाला.

ताईंची शेवंती कुरवाळणारी बोटं थांबली होती. फोनवरचं बोलणं त्यांना ऐकू गेलं नसणार, असं धुळाप्पानं ठरवलं आणि गाडी शहरातल्या तिसऱ्या सिग्नलपर्यंत तसंच ठरवून चालवली.

मुरारजी पेठेत उतरताना ताईंनी हार त्याच्या हातात दिला. "बाळाबाईला दे," म्हणाल्या. बाळाबाई म्हणजे त्याची बायको. तो "बरं" म्हणाला. ताई दोन पायऱ्या चढल्या आणि मागं न बघता म्हणाल्या, "तुझ्या कानांना काही झालेलं नाही, धुळाप्पा."

"तुमच्या गळ्यालाबी," तो म्हणाला. ताईंची पाठ त्याच्याकडं होती. उत्तराची वाट न पाहता तो गाडीकडं वळला.

बिरुदेव पस्तिशीचा, हुशार गडी निघाला. गाडीतलं सगळं त्याला आधीच येत होतं. धुळाप्पानं त्याला तीनच गोष्टी शिकवल्या. एक, ताईंशी बोलायचं तर तोंड त्यांच्याकडं करून बोलायचं. दोन, ती पार्किंग-न्यूट्रल-पार्किंगची युक्ती. ही त्यानं त्याच्याकडून वीसदा करून घेतली. तीन, पायाचं काम. ह्याला आठ दिवस लागले.

"आसं न्हाय. त्या चढव म्हनल्या की अंगठ्यायेवडा. उतरव म्हनल्या की केसायेवडा. धर म्हनल्या की मग तुजा पाय तुजा न्हाय."

"पर हे कशाला, मामा? स्टेजवर मशिन हाय की सुराचं."

"तशी रीत हाय ह्या गाडीची."

"आन् ही ब्रेकला शीळ वाजतीया, ती?"

"तुला ऐकू येती?"

"येती की."

"नॉर्मल हाय," धुळाप्पा म्हणाला. "कुनापुडं बोलायचं न्हाय. ताईंपुडं तर न्हायच."

श्रावणात बाळीवेशीतल्या देवळात ताईंचं कीर्तन लागलं. धुळाप्पा मजरेवाडीहून सिटीबसनं आला. खांबाशी त्याची जागा कुणीतरी घेतली होती, म्हणून तो मागं, भिंतीकडेला, चपलांच्या ढिगाशेजारी बसला. बाहेर आवारात गाडी येऊन थांबली. ती आल्याचं कुणाला कळलं नाही. धुळाप्पाला कळलं. बारीक शीळ, लांबली, उतरली, घुर्र.

मग शांतता. ती जरा जास्तच वेळ राहिली. धुळाप्पा बसल्या जागी ताठ झाला. पार्किंग दोन, न्यूट्रल दोन...

इंजिन चालू झालं. शेजारी बसलेल्या बाईनं कपाळाला आठी घातली. "काय बाई तरी, देवळाच्या दारात गाडी चालू ठेवायची!"

इंजिन चढलं, जरा जास्त चढलं, उतरलं. पुन्हा चढलं. धुळाप्पाची उजवी चप्पल कधीच ढिगात गेली होती. त्याचा अनवाणी पाय थंड फरशीवर होता. अंगठा किंचित खाली दाबला गेला, केसाएवढा वर आला आणि थांबला.

बाहेर सूर जुळून स्थिर झाला. तो बंद होईपर्यंत धुळाप्पानं पाय उचलला नाही.